पक्ष्याला उपाशी ठेवून ट्रिक शिकवायच्या? असं कृपया छापू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत घरच्या पोपटाला करामती कशा शिकवायच्या यावर अर्धं पान आलं होतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून वाचायला घेतलं आणि वाचून डोकंच फिरलं. त्यात लिहिलंय की शिकवायच्या आधी पक्ष्याला दिवसभर उपाशी ठेवा म्हणजे सरळ येतो, चावला तर चोचीवर टिचकी मारा, आणि उडून जाऊ नये म्हणून पंख आधीच कातरून घ्या. वर फोटो कशाचा, तर आपल्या हिरव्या पोपटाचा, लाल चोच, गळ्याला काळी-गुलाबी रिंग, आणि त्याला एका चिमुकल्या सायकलवर बसवलेलं. म्हणजे जे जे करू नये ते एका पानात जमवलंय बघा.

मी काही तज्ज्ञ नाही, आधीच सांगतो. नारायण पेठेत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, वय ५८, आणि घरी एक कॉकटेल आहे, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटाची एक जात. हसू नका, कॉकटील असा खरा शब्द आहे पण पुण्यात पेट शॉपवाला कॉकटेलच म्हणतो, जसं बजरीगरला लव्हबर्ड म्हणतात तसंच. (खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजरीगर आणि हा आमचा कॉकटेल दोघंही ऑस्ट्रेलियातले, पण ते कोण ऐकतंय.) राखाडी अंग, पिवळं तोंड, गालावर केशरी ठिपका आणि डोक्यावर तुरा. मुलीने हौसेने आणला, मग तिला बंगळूरला नोकरी लागली आणि बंड्या आमच्या गळ्यात पडला. बंड्या म्हणजे पक्षी.

पहिले सहा महिने मी त्याच्याशी जे वागलो ते तुमच्या लेखापेक्षा फार वेगळं नव्हतं, म्हणून तर बोलायचा हक्क आहे असं वाटतं. तो ओरडला की मी पिंजऱ्यावर चादर टाकायचो. हात घातला की चावायचा, मी टिचकी मारायचो. दुकानवाल्यानेच सांगितलं होतं, एक वेळ दाणा बंद ठेवा, भूक लागली की हातावर येईल. मी ठेवला बंद, एक दिवस. संध्याकाळी बघतो तर गडी पिंजऱ्याच्या तळाला अंग फुगवून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. तसाच पिशवीत पिंजरा घालून रिक्षाने पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टरांनी आधी काट्यावर ठेवला, मग माझ्याकडे नुसतं बघितलं. वजन ८३ ग्रॅम भरलं, आणि एरवी तो ९२ असतो हे मला नंतर कळलं, कारण तोपर्यंत मी कधी वजन केलंच नव्हतं. आता हिशोब करा, ९२ मधले ९ ग्रॅम म्हणजे माझ्यासारख्या ७० किलोच्या माणसाचे जवळजवळ ७ किलो. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा कसला असणार, त्याची भट्टी सारखी पेटलेली असते, सारखं थोडं थोडं खावंच लागतं. आणि पक्षी आजारपण शेवटपर्यंत लपवतो, अंग फुगवून तळाला बसला म्हणजे वेळ बरीच गेलेली असते. तुमच्या लेखकाला हे माहीत नसेल असं मी धरून चालतो. पण छापताना कुणीतरी विचारायला हवं होतं.

मग उपाशी न ठेवता शिकतो कसा? तर त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं ते शोधायचं आणि तेवढंच वाटीतून काढून घ्यायचं, बाकी जेवण नेहमीसारखं चालू. मुलीने व्हिडिओ कॉलवर सांगितलं तसं मी एका ताटलीत पाच गोष्टी मांडल्या, राळ्याचं कणीस (दुकानवाला कांगणी म्हणतो), सूर्यफुलाच्या बिया, मक्याचा दाणा, कोथिंबीर आणि सफरचंदाचा तुकडा. तीन दिवस बघितलं पहिली चोच कशाला लावतो. मला वाटलं होतं सफरचंद, महाग होतं म्हणून. तिन्ही दिवस सूर्यफूल. मग वाटीतलं सूर्यफूल बंद, ते फक्त माझ्या हातून, तेही अर्धं सोलून, कारण त्यात तेल भरपूर, जास्त झालं तर पक्षी अंगाने सुटतो. आणि वेळ ठरवली सकाळच्या जेवणाच्या जरा आधीची, तेव्हा पोटात जागा असते एवढंच. याला उपास म्हणत नाहीत, आपणही जेवायच्या आधी भजी बघितली की खातोच की.

दुसरी वस्तू लागते ती म्हणजे एक आवाज. पक्ष्याने बरोब्बर केलं त्या क्षणाला टक् असा आवाज करायचा आणि मग दाणा द्यायचा, कारण दाणा हातातून चोचीपर्यंत जाईस्तोवर दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात तो मान खाजवतो, मागे बघतो, आणि त्याला वाटतं मान खाजवल्याचे पैसे मिळाले. बाजारात यासाठी क्लिकर मिळतो. मी म्हटलं कशाला विकत, आपल्याकडे दुकानात बटणाची पेनं डझनाने पडलीत. टक्, दाणा. टक्, दाणा. असं वीस-पंचवीस वेळा नुसतंच केलं, काही न करवता. चौथ्या दिवशी टक् झालं की तो दाण्याकडे बघायला लागला, गाडी सुरू झाली म्हणायची.

आता यातला माझा गाढवपणा ऐका. एकदा घरात पेंटिंगचं काम होतं म्हणून बंड्याला आठ दिवस दुकानात आणला. झेरॉक्सच्या दुकानात माणूस उभा राहिला की काउंटरवरचं पेन उचलतो आणि टकटक करत बसतो, हे मी तीस वर्षं बघतोय तरी डोक्यात आलं नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक टक् ला बंड्या वळून बघायचा, दाणा कुठाय? कॉलेजची पोरं रांगेत, प्रत्येकाच्या हातात पेन. दुसऱ्या दिवशी ओरडायला लागला. चौथ्या दिवशी बघायचंच बंद केलं, पेनाचा अर्थ संपला. तीन आठवड्यांची मेहनत फुकट गेली, आपल्या भाषेत पोपट झाला, तो माझा, त्याचा नाही. मग जिभेने टॉक् असा आवाज काढायला लागलो, घोड्याला काढतात तसा, तो गिऱ्हाईक काढत नाही.

तिसरी वस्तू म्हणजे एक काडी, तिला चोच लावायला शिकवायचं. ती मी कुल्फीची घेतली, धुऊन वाळवून. पहिले दोन दिवस काडी लांब धरायची, त्याने नुसतं बघितलं तरी टॉक्. मग एक पाऊल टाकलं तर टॉक्. मग चोच लावली तर टॉक्. तुरा बघत बसायचं, तोच सगळं सांगतो. ताठ उभा म्हणजे दचकलाय, डोक्याला चिकटवून फिस्स करतो म्हणजे रागावलाय, आणि अर्धवट सैल असला की मजेत आहे. ताठ झाला की मी काडी मागे घेतो, त्या दिवसाचा धडा तिथेच बंद. पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी, बास. काडीला चोच लावायला शिकला की मग तुम्ही काडी जिथे न्याल तिथे तो येतो, गोल फिरवली की गिरकी मारतो, हाताच्या पलीकडे धरली की हातावरून चालत जातो, आणि जो पक्षी माझं बोट फोडायचा तो बाराव्या दिवशी स्वतःहून मनगटावर चढला.

चावण्याचं पण सांगतो, कारण टिचकीचा सल्ला त्यावरच आहे. पक्ष्याला हात नसतात, चोच हाच त्याचा हात. नवीन फांदीवर पाय ठेवायच्या आधी तो चोचीने दाबून बघतो, फांदी हलत तर नाही ना. आपल्या बोटालाही तेच करतो. आपल्याला वाटतं चावला, आपण हात झटकतो, तो पडतो, आणि पुढच्या वेळी खरोखर चावतो. शिवाय चावलं की हात जातो हे त्याला कळलं म्हणजे चावणं हीच त्याची ट्रिक झाली, आणि ती आपणच शिकवली. ओरडण्याचं तसंच. तो किंचाळला की मी स्वयंपाकघरातून "ए गप रे" म्हणून ओरडायचो. त्याच्या दृष्टीने मी उत्तर देत होतो. मग ठरवलं, किंचाळला की कुणी काही बोलायचं नाही, शीळ घातली की मात्र लगेच जायचं. पहिला आठवडा किंचाळणं दुप्पट झालं, अगदी बंद व्हायच्या आधी असं वाढतंच म्हणे, पण ते शेजारच्या काकूंना कोण सांगणार! त्यांनी दारात येऊन विचारलं, पक्षी मारताय का पाळताय. दहाव्या दिवसापासून कमी झालं. आता आरतीच्या चालीची पहिली ओळ शिळेवर घालतो, शेवटचा सूर दर वेळी चुकतो, आणि मी दुरुस्त करायला गेलो तर परत तोच चुकीचा सूर घालतो.

माझा एक मित्र कट्ट्यावर म्हणाला, हे म्हणजे लाच देऊन काम करून घेणं. मी म्हटलं बाबा, लाच आधी द्यावी लागते, पगार काम झाल्यावर मिळतो, तू सरकारी नोकरीत होतास, तुला फरक माहीत पाहिजे. मित्र दोन दिवस बोलला नाही.

यामागे शास्त्र आहे, माझ्या मनाचं नाही. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर यात पुष्कळ काम केलं. १९४८ साली त्याने एक गंमत छापली. कबुतर काहीही करो, ठरलेल्या वेळाने दाणा आपोआप पडत राहील अशी सोय केली. तर काही वेळाने एक कबुतर गोल गोल फिरायला लागलं, एक कोपऱ्यात डोकं खुपसायला लागलं. दाणा पडला तेव्हा जे चाललं होतं त्यामुळेच तो पडला असं त्यांनी धरलं. मुलीने हे सांगितलं तेव्हा मी बंड्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. त्याला गल्ल्यात बटण टाकायला शिकवत होतो (आधी रुपयाचं नाणं घेतलं होतं, डॉक्टर म्हणाले नाणं शंभर हातांतून फिरलेलं आणि धातू चघळणं पक्ष्याला बाधतं, मग शर्टाचं मोठं प्लास्टिकचं बटण घेतलं). तर हा बटण उचलायच्या आधी दोनदा मान खाली-वर करतो, नमस्कार केल्यासारखा. पाहुण्यांना फार कौतुक वाटतं, देवाला नमस्कार करतो म्हणून. कसला नमस्कार, माझा टॉक् सुरुवातीला उशिरा पडायचा त्याची ती खूण आहे.

आणि पोपटपंची हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो तोही तपासून बघायला हवा. आयरीन पेपरबर्ग नावाच्या बाईंनी १९७७ साली शिकागोच्या एका पेट शॉपमधून एक आफ्रिकन ग्रे पोपट घेतला, ॲलेक्स नाव. तो २००७ ला गेला तोवर पन्नासेक वस्तूंची नावं, रंग, आकार सांगायचा, सहापर्यंत मोजायचा. त्यांची पद्धत अशी की त्याच्यासमोर दोन माणसं एकमेकांना विचारणार आणि तो बघणार, आणि बक्षीस म्हणजे ज्याचं नाव घेतलं तीच वस्तू. कागद म्हणाला तर कागद, मग त्याने तो फाडत बसावं. उपाशी ठेवून नाही शिकवलं.

पण दाणा दिला म्हणजे सगळं चांगलं असंही नाही, हे मला मान्य करावं लागेल. लहानपणी सारसबागेबाहेर पोपटवाला ज्योतिषी बसायचा. पिंजऱ्याचं दार उघडायचा, पोपट बाहेर यायचा, पाकिटांच्या ओळीवरून चालत एक पाकीट ओढायचा, आणि परत आत. मी आईला म्हणायचो याला सगळ्यांचं भविष्य कसं कळतं. आता आठवतंय की पाकीट ओढलं की म्हाताऱ्याच्या चिमटीतून एक दाणा मिळायचा. म्हणजे पद्धत तीच जी मी वापरतो. फरक एवढाच की त्या पोपटाचे पंख कातरलेले, पिंजरा चपलेच्या खोक्याएवढा, आणि नको म्हणायची सोयच नव्हती. बंड्या कंटाळला की पाठ फिरवून पडद्याच्या दांडीवर जाऊन बसतो आणि मी खाली वेड्यासारखा काडी धरून उभा असतो. ते त्याला करता आलं पाहिजे. नाहीतर माझ्यात आणि त्या म्हाताऱ्यात काय फरक.

पंखांचं म्हणाल तर बंड्या आला तेव्हा कातरलेलाच होता. पिसं झडून नवीन आली तशी मी परत कापली नाहीत, पण त्याआधी हाकेला यायला शिकवलं. वितीवरून हातावर, मग हातभर, मग खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला. पंख्याच्या बटणावर लाल टेप लावलाय, बंड्या बाहेर असला की पंखा बंद, मे महिन्यातसुद्धा, घामाच्या धारा लागल्या तरी. हाकेला येणं ही एकच ट्रिक सगळ्यांनी शिकवावी असं मला वाटतं, बाकी गिरकी, गल्ला सगळी मजा आहे.

कारण मार्चमध्ये पार्सलवाला आला, मी दार उघडून सही करत होतो आणि बंड्या माझ्या डोक्यावरून जिन्यात, जिन्यातून गच्चीत, गच्चीतून पलीकडच्या वाड्यातल्या नारळावर. संध्याकाळचे सव्वापाच. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला वर उडता येतं पण उंचावरून खाली उतरायचं कसं ते कळत नाही, बसून राहतो आणि हाका मारतो. वर दोन घारी फिरत होत्या, कावळे जमायला लागले होते. बायको पिंजरा घेऊन गच्चीत आली, मी शीळ घालतोय, आरतीची पहिली ओळ, शेवटचा सूर त्याच्यासारखाच चुकवून. तो वरून उत्तर देतोय पण हलत नाही. चाळीस मिनिटं. मग राळ्याचं कणीस काडीला बांधलं आणि कठड्यावर धरलं. झावळीच्या टोकाशी आला, तुरा ताठ. मी टॉक् केलं. तिथून केबलच्या वायरीवर. परत टॉक्, वायर हलली, पडता पडता सावरला. मग समोरच्या पत्र्यावर, तिथे एक मांजर होतं, ते खालून कुणीतरी पाण्याचा मग फेकून हाकललं, कोण होतं अजून माहीत नाही, उपकार झाले. पावणेसातला, अंधार पडायच्या जरा आधी, कठड्यावर उतरला, चालत आला आणि काडीला चोच लावली. पकडला नाही मी. अख्खं कणीस दिलं आणि तो खात असताना पिंजरा हळूच जवळ सरकवला, तो स्वतः आत गेला. तेव्हा झडप घातली असती तर पुढच्या वेळी आला नसता.

सगळं शिकवून जमतंच असंही नाही हो. ढोल-ताशाला तो जाम घाबरायचा. जुलैपासून नदीपात्रात पथकांचा सराव सुरू होतो, तेव्हापासूनच मी मोबाइलवर ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून सूर्यफूल द्यायला लागलो, दर दोन दिवसांनी आवाज एक-एक टप्पा वर. लांबून येणाऱ्या सरावाच्या आवाजाला आता तो खात बसतो. पण विसर्जनाच्या दिवशी केळकर रस्त्यावर जे वाजतं त्याला कुठलंच ट्रेनिंग पुरत नाही, माझ्याच छातीत धडधडतं. त्या रात्री त्याला बहिणीकडे धायरीला नेतो. कॉकटेल रात्री अंधारात दचकला की पिंजऱ्यात आपटून पिसं रक्तबंबाळ करून घेतो, म्हणून एक छोटा नाइट लॅम्प कायम चालू ठेवतो.

आता तुमच्या फोटोबद्दल, ते सगळ्यात महत्त्वाचं आणि मी शेवटी ठेवलं. तो हिरवा पोपट आपला देशी पक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. पुण्यात घरोघरी मिठू असतो म्हणून तो कायदेशीर होत नाही. परदेशी म्हणजे सगळं चालतं असंही नाही, आफ्रिकन ग्रेसारखे पक्षी ज्यांच्याकडे आहेत त्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ज्यांच्याकडे हिरवा पोपट आहे त्यांनी तुमचा लेख वाचून त्याला सायकलवर बसवू नये आणि माझं पत्र वाचून घाबरून गॅलरीतून सोडूनही देऊ नये, पिंजऱ्यात वाढलेल्याला खायला शोधता येत नाही आणि पंख कातरलेले असतील तर कावळे आणि मांजरं आहेतच. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करून विचारावं.

तुम्ही निदान उपाशी ठेवण्याची ओळ आणि तो फोटो यावर चार ओळींचा खुलासा छापावा, त्याच पुरवणीत, त्याच पानावर, आत कुठेतरी छोट्या टायपात नको. मोठं झालं तर माझं पत्र कापा, काय कापायचं ते तुम्ही ठरवा, पण वजनाचा हिशोब ठेवा.

आपला नियमित वाचक,
एक झेरॉक्सवाला
नारायण पेठ, पुणे ३०

ता.क. हे पत्र हाताने लिहून मग टाईप केलंय. पहिल्या कागदाचा उजवा कोपरा बंड्याने खाल्लाय, त्यामुळे तारीख राहिली.